सहलीतला प्रमाद

ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ, फ्रीमँटलच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर रॉटनेस्ट बेट आहे. खासगी मोटारींना मनाई, भाड्याच्या सायकली, नितळ पाण्याचे लहान लहान किनारे आणि माणसाला न बुजणारा, हसऱ्या तोंडाचा क्वोका नावाचा प्राणी. एका दिवसाच्या कौटुंबिक सहलीला आणखी काय हवे? पण १८३८ ते १९३१ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, हेच बेट मूळनिवासी पुरुषांचे आणि मुलग्यांचे बंदिस्थान होते. साडेतीन हजारांहून जास्त कैदी इथे आणले गेले. त्यांतले निदान ३७३ इथेच मेले आणि नावनिशाणीविना पुरले गेले. पर्यटक ज्या जुन्या घरांचे फोटो काढतात, त्यांतली कितीतरी याच कैद्यांनी बांधलेली आहेत. अष्टकोनी तुरुंगाचे पुढे लॉज झाले आणि कोठड्यांच्या जागी २०१८ पर्यंत पाहुणे झोपत होते. दफनभूमीच्या काही भागावर तर २००७ पर्यंत तंबू ठोकले जात. अशा जागी मौज करणे हा दोष आहे का, आणि असला तर तो नेमका कशात आहे?

तो आनंदात नाही. हेतू हेच कर्म, असे मानणारा बौद्ध विचार वाळूत किल्ला बांधणाऱ्या मुलाला दोषी धरणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण मोठ्यांची सुटका एवढ्यावर होत नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. मनात द्वेष नसला तरी जपून न वागणे हाही दोषच. तिथली हिंसा जीव घेण्याची आहे, इथली अवमानाची. तरी कसोटी तीच लागू पडते. १९७० मध्ये खोदकामात मानवी अवशेष सापडले होते. त्यानंतरही जवळजवळ चार दशके तंबू उठले नाहीत. ज्यांना माहीत होते त्यांनी कानाडोळा केला आणि बाकीच्यांनी विचारले नाही.

यावर कोणी म्हणेल, पृथ्वीवर माणूस पुरला गेला नाही अशी जागा कुठली? असे मोजत बसलो तर हसायला वीतभर जमीन उरणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या सुतकाच्या रिवाजात आहे. सुतक कायमचे नसते. शोकालाही मुदत असते. मात्र दिवस नुसते सरून भागत नाही, विधी व्हावे लागतात. जिथे मृतांचे क्रियाकर्म त्यांच्या माणसांच्या हातून झाले, तिथे काळ आपले काम करतो. रॉटनेस्टवर मेलेल्यांना घर दूर, आप्त दूर, रीतीप्रमाणे निरोप नाही. आणि त्यांचे वंशज आजवर ती जागा मानाने जपली जावी म्हणून मागणी करत आले आहेत. इथे मुदत संपलेली नाही.

दुसरा आक्षेप मुलांचा: चार दिवसांच्या सुट्टीत त्यांना असले का ऐकवायचे? पण आपण ते ऐकवतोच. अंदमानला जाणारी मराठी कुटुंबे आधी सेल्युलर जेल पाहतात, सावरकरांच्या कोठडीपुढे मुलांना हात जोडायला लावतात, आणि मग हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) बेटाच्या पाण्यात मनसोक्त डुंबतात. या दोन गोष्टींत कुणालाच विसंगती वाटत नाही, कारण ती नाहीच. म्हणजे कसे वागावे हे आपल्याला येते. अडते ते मेलेला माणूस आपला नसला की. श्रद्धा आणि आप्तभाव यांतला फरक इथेच कळतो. आपल्या मृतांपुढे मान आपोआप झुकते, त्यात पुण्य फारसे नाही. परक्या बेटावर परक्यांची दफनभूमी कुठे आहे हे आधी विचारून घेणे, मुलांना ती दाखवणे आणि मग पोहायला जाणे, एवढे केले तरी सहलीतला दोष जातो आणि आनंद तेवढाच राहतो.