धन्याचा आवाज

आमच्या म्हैसुरातील घराच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त कन्नड गृहस्थ राहतात. त्यांना शौक दोनच. एक मल्लिगेचा वाफा आणि दुसरा जॉनी नावाचा फॉक्स टेरिअर जातीचा कुत्रा. या दोन शौकांचे आपसांत जमत नाही, ही त्यांची खंत आहे. मल्लिगेच्या मुळांशी घुशींनी बिळे केली आहेत आणि जॉनीला एकदा घुशीचा वास आला की वाफा, आळे, कुंपण यांपैकी कशाचीच पर्वा उरत नाही. मागच्या पायांमधून मातीचा फवारा उडवीत तो खणू लागतो. मालक पायरीवरून हाका मारतात. प्रथम कन्नडात, मग इंग्रजीत, शेवटी काठी आपटून. जॉनीचा कान हलतसुद्धा नाही. मग ते आमच्याकडे वळून म्हणतात, "केळोदे इल्ला!" ऐकतच नाही, असा त्याचा अर्थ. सरस्वतीपुरमातील त्या गल्लीत राहावयास आल्यावर आम्ही शिकलेले कन्नडातील पहिले वाक्य हेच होय.

केंद्र सरकारच्या चाकरीत हिंदीशी नित्य संबंध येतो. त्यामुळे घूस या शब्दाचा तिकडील अर्थ आम्हांस ठाऊक आहे, आणि घुशीचा असा हाडवैरी शेजारी लाभला याची मौजही वाटते. परंतु त्या हाकेने आणि त्या न ऐकण्याने आमच्या मनात एक प्रश्न उभा केला. तो दिसतो कुत्र्याचा, पण आहे आपणां चाकरी करणाऱ्यांचा. सांगितलेले ऐकणे हा गुण खरा. पण तो कोठपर्यंत गुण राहतो?

उत्तराकडे वळण्यापूर्वी जॉनीच्या कुळाची थोडी माहिती करून घेणे अवश्य आहे. टेरिअर हे नावच मुळी मातीतून आले. लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे भूमी. त्यावरून फ्रेंचांच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत उतरला. भूमीत शिरणारा तो टेरिअर. इंग्लंडातील जॉन कीज या वैद्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांविषयी लॅटिनमध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात कोल्ह्याच्या आणि बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या मागे जमिनीखाली जाणाऱ्या या कुत्र्यांचा उल्लेख आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी ही जात आपल्या कामावरून ओळखली जात होती.

काम ठरले की त्याबरहुकूम शरीर घडविले जाते. बिळात शिरावयाचे म्हणून छाती अरुंद, दोन्ही हातांच्या पंजांत मावेल एवढी. थंडी-काट्यांपासून रक्षण व्हावे म्हणून पुष्कळ जातींचे केस राठ. शिकारी कुत्र्यांनी चुकून आपल्याच साथीदाराला कोल्हा समजू नये म्हणून फॉक्स टेरिअरचा रंग बहुतांशी पांढरा. जॅक रसेल नावाच्या पाद्र्याने १८१९ साली ऑक्सफर्डजवळ एका गवळ्याची कुत्री विकत घेतली आणि तिच्या वंशातून कोल्ह्यामागे बिळात जाणारी जी जात वाढविली, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

स्कॉटलंडच्या खडकाळ प्रदेशात दगडांच्या फटींत शिरण्यासाठी आखूड पायांचे स्कॉटिश, स्काय आणि वेस्ट हायलंड टेरिअर तयार झाले. यॉर्कशरच्या गिरण्यांतील मजुरांनी उंदीर मारण्यासाठी जो लहानसा कुत्रा पाळला, तो पुढे श्रीमंत स्त्रियांच्या मांडीवर जाऊन बसला. एअर नदीच्या खोऱ्यातील एअरडेल हा या कुळातील सर्वांत थोराड. तेवीस इंच उंचीचा हा प्राणी बिळात मावणार कसा? परंतु नाव टेरिअरच राहिले, आणि पहिल्या महायुद्धात त्याने आघाडीवर निरोप पोहोचविण्याचे काम केले. उंदीर मारण्याचे मोल आपल्या लोकांस वेगळे सांगावयास नको. १८९७ साली पुण्याने आणि पुढल्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने प्लेग अनुभवला आहे.

या सर्व प्रकारांत जो गुण समान आहे, तो शरीराचा नव्हे. मेंढपाळाचा कुत्रा शिट्टीकडे कान लावून असतो. शिकारी कुत्र्यांची टोळी शिंगाच्या आवाजावर वळते. टेरिअर मात्र बिळाच्या तोंडाशी धन्याला सोडून एकटाच अंधारात उतरतो. तेथे हाक पोहोचत नाही, इशारा दिसत नाही. पुढे जावे की मागे सरावे, झडप घालावी की नुसते भुंकून शत्रूला रोखून धरावे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. जो कुत्रा पावलोपावली मागे वळून धन्याच्या तोंडाकडे पाहील, तो या कामाचा नव्हे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नेमके तेच पिल्लू निवडले गेले, जे आपल्या बुद्धीने चालते. वर उभा असलेला माणूस त्या वेळी काय करतो? तो जमिनीला कान लावून ऐकतो. कुत्रा कोठे भुंकत आहे याचा अदमास घेऊन तो कुदळ चालवितो. ज्या घटकेला काम खरोखर अवघड असते, त्या घटकेला धनी ऐकतो आणि चाकर बोलतो.

आता याच कुळातील एका कुत्र्याचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. ते आपल्या आजोबांच्या पिढीतील घरोघरी होते. बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांवरून ऐकली गेली, त्यांच्यातील कितीतरी तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसून मान किंचित कलती करून ऐकणारा एक पांढरा कुत्रा असे. 'हिज मास्टर्स व्हॉइस', धन्याचा आवाज! तो कुत्रा निपर, टेरिअरच्याच रक्ताचा. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराच्या भावाचा तो कुत्रा, भाऊ वारल्यावर चित्रकाराकडे आला आणि १८९५ साली मेला. पुढे काही वर्षांनी बॅरोने आठवणीतून त्याचे चित्र काढले. त्यात मूळचे यंत्र वेगळ्या बनावटीचे होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र घेतले, तेव्हा जुन्या यंत्रावर रंग चढवून त्या जागी कंपनीचे यंत्र काढण्यात आले. कुत्रा बदलावा लागला नाही. यंत्र कोणाचेही असो, ऐकणारा तोच!

या चित्राचा म्हैसूरशीही संबंध आहे. येथील महाराज जयचामराजेंद्र वडियार पाश्चात्त्य संगीताचे मोठे जाणकार. निकोलाय मेटनर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये उपेक्षित व आजारी असताना, १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, महाराजांनी द्रव्य पुरवून त्याच्या रचना ध्वनिमुद्रित करविल्या. त्या तबकड्या याच कुत्र्याच्या छापाखाली निघाल्या. मेटनरने आपला तिसरा पियानो कंचेर्तो महाराजांस अर्पण केला. हजारो कोस दूर असलेल्या, कोणी कान देत नसलेल्या माणसाचा आवाज एका धन्याने ऐकला, ही गोष्ट आम्हांस त्या छापाहून मोठी वाटते.

टेरिअरची ही दोन रूपे आहेत. एक बिळातले आणि दुसरे कर्ण्यापुढले. जगाने दुसरे लक्षात ठेवले. आम्ही स्वतःही त्याच रूपात पुष्कळ काळ घालविला आहे, हे येथे कबूल करणे भाग आहे.

पूर्वी एका ठिकाणी असताना एका दिवंगत शिपायाच्या विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर होते. दोन कागदांत बाईंचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. एका प्रतिज्ञापत्राने ही गोष्ट निकालात निघाली असती, हे आम्हांस ठाऊक होते. तसे टिपणीत लिहिण्याचे आमचे कामच होते. परंतु साहेब जाता जाता म्हणाले, "ऑडिट होऊन जाऊ द्या, मग पाहू." एवढेच. तो हुकूमही नव्हता. आम्ही मान कलती करून तो आवाज ऐकला आणि 'प्रलंबित' असा शेरा मारला. बाई तीनदा खेड्यावरून एस्‌टीने आल्या. तिसऱ्या खेपेस वाचून दाखवावयास नातवाला घेऊन आल्या. त्याची त्या दिवसाची शाळा बुडाली होती. आम्ही त्याला शेरा वाचावयास दिला. त्याने तो मोठ्याने वाचला आणि विचारले, "म्हणजे काय हो, काका?" सात महिन्यांनी प्रकरण मार्गी लागले. आम्हांस कोणी बोल लाविला नाही. तो मुलगा मात्र अजून विचारतो आहे.

कोणी म्हणेल, यात तुमचा काय दोष? वरिष्ठांचा शब्द मोडून कारभार चालेल काय? प्रत्येक कारकून आपल्या बुद्धीने वागू लागला तर सरकारची बाग जॉनीच्या बागेसारखी उकरली जाईल. या आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या नियमांचा आपण आधार घेतो, ते तरी काय सांगतात? केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ सालचे आहेत. त्यांतील तिसऱ्या नियमाप्रमाणे सेवकाने आपल्या उत्तम विवेकबुद्धीनुसार काम करावयाचे असते. वरिष्ठांच्या निर्देशाचा अपवाद आहे, परंतु तो निर्देश सामान्यतः लेखी असावा. तोंडी देणे अटळच झाले तर वरिष्ठाने नंतर तो लेखी कायम करावा आणि सेवकानेही तशी मागणी करावी. ही मागणी आम्ही केली नाही. नियमाने आम्हांस विवेक दिला होता. आम्ही तो कर्ण्यापुढे ठेवून दिला. तेव्हा आमची चूक आज्ञापालनाची म्हणता येत नाही. आज्ञा दिलीच गेली नव्हती. आम्ही ती अदमासाने पाळली.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या बुद्धीने चालणे हे स्वतः काही पुण्य नव्हे. याच टेरिअरच्या धाडसावर माणसाने जुगार लाविला. लंडनमधील बिली नावाच्या कुत्र्याने १८२३ साली एका आखाड्यात शंभर उंदीर साडेपाच मिनिटांत मारले आणि भोवतालच्या सभ्य गृहस्थांनी घड्याळे हातात धरून टाळ्या वाजविल्या. १८३५ साली इंग्लंडात कायद्याने बैल-अस्वलांच्या झुंजी बंद केल्या, तेव्हा उंदरांच्या आखाड्यांना अधिकच भर आला. बुलडॉग आणि टेरिअर यांच्या संकरातून झुंजींसाठी जी जात निघाली, तिच्याच वंशातील पिट बुलची धास्ती आज घेतली जाते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने अशा काही जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांस परिपत्रक धाडले, आणि पुढल्याच महिन्यात कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने ते रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते, हेही त्याचे एक कारण होते. धाडस तेच, पण बिळ कोणते आणि आत उतरावयाचे कशासाठी, यावर त्याचे मोल ठरते.

कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाभारतात एका कुत्र्याच्याच निमित्ताने आले आहे. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला सांगतो की कुत्र्याला येथेच सोड. याहून वरिष्ठ तो कोण? तरी युधिष्ठिर नाही म्हणतो. आपल्या आश्रयाने एवढी वाट चालून आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. तो स्वतःच्या लाभासाठी अवज्ञा करीत नाही. त्याच्यावर विसंबून असलेल्या मुक्या जिवासाठी करतो. आणि तो कुत्रा तोंडाने एक शब्दही बोललेला नसतो. वरून येणारा आवाज ऐकू येण्यास कान पुरतात. जो बोलू शकत नाही, ज्याला शेरा वाचता येत नाही, त्याचे ऐकण्यासाठी शिकाऱ्याप्रमाणे जमिनीला कान लावावा लागतो. आमच्या मते विवेक तो हाच. धन्याचे काम खरोखर कशासाठी आहे हे ज्याने ओळखले, तो धन्याचा आवाज न पोहोचे तेथेही त्याचेच काम करीत असतो.

आपण मराठी माणसे बदल्यांमुळे परमुलखात राहतो. आपल्या गावचे, आपल्या भाषेतले डोळे येथे आपल्यावर नसतात. कार्यालयात कोणाला 'प्रलंबित' केले, हे घरी कोणास कळत नाही. एका परीने आपण सारे बिळातच उतरलेले आहोत.

मध्यंतरी अशीच एक तोंडी सूचना पुन्हा आली. आता टिपणी कागदावर न लिहिता संगणकाच्या पडद्यावर लिहावी लागते. तिच्याखाली आम्ही एकच ओळ घातली, की निर्देश लेखी मिळावा. बोटे थरथरत होती, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. साहेबांनी काही दिवस आमच्याशी मोजके बोलणे ठेवले. निर्देश आला नाही. प्रकरण मात्र पुढे गेले.

शेजाऱ्यांनीही तोड काढली आहे. मल्लिगेच्या वाफ्याला त्यांनी जाळी लाविली आणि मागल्या अंगणातला एक कोपरा जॉनीला सोडून दिला. परवा संध्याकाळी जॉनी तेथे खांद्यापर्यंत मातीत गेला होता. केवळ शेपटी बाहेर दिसत होती. म्हातारबोवांनी सवयीने हाक मारण्यास तोंड उघडले. मग ते थांबले, काठी बाजूस ठेविली, आणि गुडघे धरून हळूच खाली बसले, काही ऐकू येते का ते पाहण्यासाठी.