विनामूल्य दालनाचा उंबरठा

फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, असे आपण सहज म्हणतो. कलेच्या बाबतीत हे खरे आहे काय? मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ उभे राहिले. तेथे प्रवेशशुल्क नाही. १९९९ पासून त्याच परिसरात भरत आलेल्या काळा घोडा कला महोत्सवाचे कार्यक्रमही विनामूल्य असतात. वाशीहून लोकलने थेट मुंबईस जाता येते. तरीही नवी मुंबईतील कितीतरी कुटुंबांनी हा उंबरठा ओलांडलेला नाही. तिकीट नाही हे ठाऊक असूनही पाय थबकतात, कारण ‘हे आपल्यासारख्यांसाठी नव्हे’ ही भावना मनात घर करून असते. शुल्क माफ केल्याने हा संकोच जात नाही; कुणी सोबत नेले तरच तो जातो. म्हणून संस्थेने आवर्जून बोलवावे, चित्र साध्या मराठीत उलगडून सांगावे. आणि ज्यांना वाट ठाऊक आहे, त्यांनी शेजारच्या मुलालाही बरोबर न्यावे. राहिला किमतीचा प्रश्न. चित्रापुढे शांतपणे उभे राहून मन लावून पाहावे लागते. ही किंमत गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच आहे आणि ती कोणालाही माफ नाही.