माप कोणाचे चुकले?

चेन्नईतील वेलचेरी हा आयटीत नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी गजबजलेला भाग. तिथे राहणारी एक मराठी भगिनी डोळ्यांपुढे आणा. दिवाळीसाठी ती कुर्ता घ्यायला गेली आहे. कुर्ता दंडात अडकतो. ट्रायल रूमच्या बाहेरून आवाज येतो, "मॅडम, याच्यापुढचे माप येत नाही." आरशासमोर ती कुर्त्याला नाही, स्वतःलाच दोष देते. दिवाळीच्या फोटोत ती सर्वांत मागे उभी राहते.

आपण जरा थांबून विचार करूया. चुकले ते कोणाचे माप?

भारतीय शरीरांवर आधारलेला मापांचा प्रमाणित तक्ता आपल्याकडे नव्हता. कपडे बहुधा परदेशी तक्त्यांवरून बेतले जात. म्हणूनच 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतले. सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेण्याची ही योजना होती. म्हणजे ज्या आकड्यामुळे आपली भगिनी खचली, तो आकडा तिच्यासाठी आखलेलाच नव्हता!

आपली आजी नऊवारी नेसत असे. वेलचेरीतील शेजारची पाट्टी सणाला नऊवारीच 'मडिसार' नेसते. या वस्त्राला S, M, L नसते. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात देह बदलला, तर निऱ्या कमी-जास्त होतात, एवढेच. वस्त्र देहाशी जुळवून घेते. आज आपण देहालाच वस्त्राशी जुळवून घ्यायला सांगतो.

अष्टावक्रांची कथा आपण जाणतो. जनकाच्या सभेत त्यांचा आठ ठिकाणी वाकलेला देह पाहून पंडित हसले. तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, की मी ज्ञानी लोकांची सभा समजून आलो होतो, इथे तर कातडे पारखणारे बसले आहेत! आपण ही कथा आनंदाने सांगतो. पण सत्संगाच्या दारात एखादी ताई भेटली, की आपले पहिले वाक्य कोणते असते? "अगं, किती सुटलीस!" किंवा "बारीक झालीस, छान दिसतेस!" त्या क्षणी आपण कोणाच्या बाजूला बसलेलो असतो?

"मी म्हणजे देह नव्हे" हे वाक्यही जपून वापरावे. दुखावलेल्या मनाला गप्प करण्यासाठी ते नाही. देहाचा गर्व ही देहबुद्धी, हे आपल्याला पटकन कळते. देहाची लाज हीसुद्धा देहबुद्धीच आहे, हे मात्र लक्षात येत नाही. दोन्हींत मन आरशापाशीच अडकलेले असते.

मग आरोग्याचे काय? त्याची काळजी जरूर घ्यावी. मिताहार, चालणे, आसने करावीत. पण ज्याचा तिरस्कार करतो, त्याची सेवा मनापासून होत नाही. देह हे सेवेचे साधन आहे. त्याला प्रेमाने सांभाळा.

ताई, तुमच्या मापाचा, तुम्हाला आवडणारा कपडा शिंप्याकडून शिवून घ्या. रंग मनासारखा निवडा. नीटनेटके राहण्याच्या आनंदात काही गैर नाही.

आणि आपण सर्वांनी एक छोटा संकल्प करूया. आजपासून एक महिना, कोणी भेटले की त्यांच्या देहाविषयी पहिले वाक्य बोलायचे नाही. "कशी आहेस?" एवढेच विचारायचे आणि उत्तर मन लावून ऐकायचे.

कदाचित पुढच्या दिवाळीच्या फोटोत ती भगिनी पुढच्या रांगेत असेल.