हलकेपणाची किंमत

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि असल्यास शासनाने त्यात कोठवर लक्ष घालावे? हा जुना प्रश्न ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानाच्या, निमित्ताने नव्याने समोर येतो.

अमेरिकेत १९८२ साली अतिहलक्या यानांसाठी नियम झाला. एकाच व्यक्तीसाठी असलेल्या, इंजिन नसलेल्या आणि १५५ पौंडांहून, म्हणजे सुमारे ७० किलोंहून, कमी वजनाच्या यानाला त्यानुसार उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही. चालकाला परवानाही लागत नाही. दाट वस्तीवरून उडण्यास मात्र मनाई आहे. दुसऱ्याला इजा होऊ नये एवढे शासन पाहील, स्वतःचे ज्याने त्याने पाहावे, असा यामागील विचार दिसतो.

तत्त्व म्हणून हे मान्य होण्याजोगे आहे. परंतु संरक्षणालाही वजन असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने आदळलेले यान अर्ध्या मीटरात थांबले, तर देहाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चाळीसपट धक्का बसतो. पाच सेंटीमीटरांत थांबले, तर चारशेपट. म्हणून पुढचे नाक चेपत जावे आणि चालकाभोवतीचा पिंजरा शाबूत राहावा, अशी रचना लागते. जर्मनीत गेरहार्ड वाइबेल यांनी १९८०च्या दशकात ‘एएसडब्ल्यू २४’ या ग्लायडरमध्ये ती विचारपूर्वक योजिली. कार्बनतंतू ताठ खरे, पण मोडताना त्यांचे तीक्ष्ण तुकडे होतात. ते धरून ठेवण्यासाठी अ‍ॅरामिड तंतूंची जोड द्यावी लागते. या प्रत्येक गोष्टीने वजन वाढते.

हलके यान सावकाश उतरते, वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा चतुर्थांश होते, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे; पण ते नीट उतरण्यापुरते. जमिनीजवळ पंखांची उचल सुटून नाक खाली गेले, की ही सवलत उरत नाही.

आता नियमाकडे पुन्हा पाहावे. मर्यादा केवळ वजनाची असल्याने पिंजरा मजबूत करणारा रचनाकार सवलतीबाहेर जाण्याचा धोका पत्करतो, आणि तो पातळ ठेवणारा आत राहतो. म्हणजे स्वातंत्र्य देणारा नियम नकळत एका बाजूला झुकतो. शिवाय ग्राहकाला वजनाचा आकडा दिसतो, पिंजऱ्याचे बळ दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याची निवड स्वतंत्र कशी म्हणावी?

यासाठी बंदी नको. त्याच नियमात इंजिनयुक्त यानांची मर्यादा ठरविताना आपत्कालीन पॅराशूटसारख्या साधनांचे वजन वगळले आहे. तोच न्याय चालकाच्या पिंजऱ्याला लावावा. धोका पत्करण्याची मुभा शासनाने अवश्य द्यावी. पण सावध राहणाऱ्यास दंड होईल, अशी ती नसावी.