रिज्क आणि पाळणा

सोलापुरात माग घरातच होता, तेव्हा मूल म्हणजे कांड्या भरणारे दोन हात. (त्या हातांची शाळा बुडे, हे आपण सोयीने विसरतो.) 1877 मध्ये जुनी मिल निघाली, माणसे कामासाठी इथे येऊ लागली. आता ती मिल नाही. इथलीच मुले कंत्राटी नोकरीसाठी पुण्याला जातात. बायको मागे विड्या वळत राहते.

मूल लांबवले की वडीलधारी म्हणतात, रिज्क देणारा अल्लाह आहे. खरेच आहे. पण अधिक मुलांमुळे होणारी ओढाताण टाळायला अज्ल, म्हणजे गर्भ टाळण्याचा त्या काळचा उपाय, इमाम गझालींनीही जायज मानला होता. मग थांबणाऱ्याचे ईमान कच्चे कसे? मला खुपते ते वेगळेच. पाळणा कधी हलायचा हे कंत्राटदार ठरवतो, आणि मोहल्ल्यात बोल लागतो तो सुनेला.