चौकटीतली लबाडी

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन नामांकित गावं आहेत. एक जुन्नर तालुक्यातलं, अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचं. दुसरं आमचं, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, विमानांच्या कारखान्याचं. प्रवासात कुणी गाव विचारलं आणि आपण नुसतं 'ओझर' म्हटलं, की समोरचा गृहस्थ भक्तिभावाने हात जोडतो. आता आपण एक अक्षरही खोटं बोललेलो नसतो. त्याच्या मनात त्याचा गणपती त्यानेच बसवलेला असतो. आपण फक्त विसर्जन करत नाही, इतकंच!

पत्त्यांच्या जादूचं सगळं शास्त्र या न केलेल्या विसर्जनात आहे. जादूगार फारसं खोटं बोलत नाही. तुमची समजूत दूर करायची राहून जाते एवढंच.

हे तत्त्वज्ञान मला सुचायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो पत्त्यांची जादू करतो. रंगमंच नाही, धूर नाही, पेटीत कापलेली बाई नाही. सतरंजीवर हातभर अंतरावर पाहुणा बसवायचा आणि कॅट पुढे करायचा. तुम्ही चौकटची राणी उचलता, ती कॅटच्या मध्ये खुपसता, तो टिचकी मारतो आणि राणी सगळ्यात वर! पुन्हा खाली घाला, पुन्हा वर. पतपेढीच्या जुन्या अध्यक्षासारखी ती कितीही खाली सारली तरी वरच येऊन बसते.

अलीकडे त्याने या प्रयोगाचे व्हिडिओ काढायला घेतले आणि "मामा, जरा मोबाईल धरा" म्हणून मला छायाचित्रकार केलं. तेव्हा लक्षात आलं, की सतरंजीवर जबडे पाडणारी जादू मोबाईलमध्ये अगदीच मलूल दिसते. कारण उघड आहे. समोर माणूस असला की ऐन वेळी विचारता येतं, "काका, तुमचं लग्न कुठल्या साली झालं?" काका आठवायला वर बघतात आणि खाली काम उरकतं. कॅमेऱ्याला काहीही विचारा, तो पापणी हलवत नाही. त्याला पापणीच नाही. शिवाय बघणारा हवं तिथे थांबवतो, मागे नेतो, सावकाश करून बघतो. हुदिनीची फुशारकी होती, की पत्त्यांचा कुठलाही प्रयोग तीनदा बघितला की मी उलगडतो. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या तरुणाने त्याच्यापुढे असाच वर येणारा पत्ता पुनःपुन्हा दाखवला आणि हुदिनी हरला. आज मोबाईल हातात असलेला प्रत्येक जण हुदिनी आहे आणि त्याला तीनदाची मर्यादाही नाही.

तेव्हा सुधारणा सुरू झाल्या. चकाकणाऱ्या टेबलावर खालून पत्ता दिसतो, म्हणून काळं जाड कापड आलं. पाठीमागच्या खिडकीमुळे हात काळे दिसत होते, म्हणून उजेड समोरून घेतला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. माझा हात हलतो या सबबीखाली मला निवृत्त करून तीन स्टीलच्या डब्यांवर मोबाईल बसवला, समोरच्या पाहुण्याच्या डोळ्याइतक्या उंचीवर. आणि दोन्ही हात सतत चौकटीत ठेवायचे असं ठरलं. कारण हात क्षणभर बाहेर गेला, की प्रेक्षकाच्या मनात राणीही त्याच्याबरोबर बाहेर जाते.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग एका मित्राने सल्ला दिला, "एवढी मरमर कशाला? मधला अर्धा सेकंद कापून टाक आणि खाली लिही, 'कॅमेऱ्याची करामत नाही'." भाच्याने मला विचारलं, "मामा, नाहीतरी जादू म्हणजे फसवणूकच ना? मग हातानं फसवलं काय नि कात्रीनं फसवलं काय?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पहिलं उत्तर सुचतं ते मेहनतीचं : हाताला वर्षं लागतात, कात्रीला क्षण. पण मेहनतीने लबाडी पवित्र होत असती, तर खिसेकापूंना पद्मश्री द्यावी लागली असती. बरं, कात्रीच पापी म्हणावी, तर आमच्या जिल्ह्याचं काय? त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी जादूगार होते. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करत. पुढे कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांच्याकडून करून घेतल्या. याहून मोठा पत्ताबदल कोणता? पण फाळक्यांनी 'ही कॅमेऱ्याची करामत नाही' असं सांगितलं नाही. उलट सिनेमा कसा तयार होतो, हे दाखवणारी एक फिल्मही काढली. म्हणजे दोष कात्रीचा नाही, खालच्या पाटीचा आहे.

जादूगार आणि प्रेक्षक यांच्यात एक न लिहिलेला करार असतो : मी तुला फसवणार, तुला पकडता आलं तर पकड. कात्री ही संधीच काढून घेते. जादूगार तुम्हाला डोळ्यांदेखत फसवतो, कात्री तुमच्या पश्चात फसवते. आणि कधीकधी कात्रीचीही गरज नसते. बावन्न पत्त्यांत राणी वर ठेवून पन्नास जणांना "कुठलाही पत्ता सांगा" म्हणायचं. एखादा राणी सांगेल, तेवढाच दाखवायचा. काही कापलेलं नाही, चौकटीतलं सगळं खरं, आणि तरी धादांत खोटं! उरलेले एकोणपन्नास जण कुठे गेले हे प्रेक्षकाला कधीच कळणार नाही.

म्हणून मी भाच्याला एक कसोटी सांगितली : मोबाईल उचल, त्या जागी माणूस बसव. त्याला हेच दिसलं असतं, तर उजेड, कापड, कोन काय हवं ते सुधार. नसतं दिसलं, तर ते खाली लिही.

भाच्याने सलग, न कापता व्हिडिओ काढला. तो आमच्या शेजारच्या काकांनी बघितला. काका विमान कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. ज्या गावात १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, तिथे तपासणीवाल्यांना 'उडेल बहुतेक' हे उत्तर चालत नाही. काकांनी अकरा वेळा मागेपुढे केलं, आणि मग स्वतःच्या घरातला कॅट घेऊन ते आमच्या सतरंजीवर येऊन बसले.

"हं, कर आता."

राणी तिसऱ्यांदा वर आली, तेव्हा काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "कळलं काही नाही. पण माल पास."