बालवाडीत कुणी बाद होऊ नये

बालवाडीच्या कार्यक्रमात संगीत खुर्ची हमखास असते. गाणं थांबलं की जे मूल गोंधळतं, ज्याला चटकन वळता येत नाही, ते पहिल्याच फेरीत बाद होतं आणि भिंतीशी बसून इतरांचा खेळ बघतं. ज्याला पळण्या-वळण्याच्या सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हा नियम अन्यायाचा आहे. तो बदलणं अवघड नाही. दर फेरीला खुर्ची काढावी, मूल नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी दाटीवाटीनं मावायचं, हाच खेळ.

नियम बदलावासा वाटत नाही, कारण उड्या मारणं, तोल सांभाळणं, झेलणं हे वयाबरोबर आपोआप येतं असं आपण धरून चालतो. चालणं बहुतेक मुलं न शिकवता शिकतात, हे खरं. पण लंगडी घालायला, चेंडू नेमका फेकायला नि झेलायला संधी लागते, सराव लागतो आणि लक्ष देणारं मोठं माणूस लागतं.

झेलण्याचंच बघा. चेंडू येताना तीन वर्षांचं मूल दोन्ही हात ताठ पुढे धरतं, अनेकदा मान फिरवून डोळे मिटून घेतं. चेंडू छातीवर आपटून खाली पडतो. ‘नीट पकड’ असं ओरडून काही साधत नाही. चिंध्यांचा मोठा चेंडू घ्यावा. तो लागत नाही, फारसा उसळतही नाही. दोन पावलांवरून, खालच्या हातानं, हळूच टाकावा. भीती गेली की डोळे उघडे राहतात आणि मूल चेंडू छातीशी कवटाळू लागतं. मग अंतर वाढवावं, चेंडू लहान करावा. नुसत्या हातांत झेल घेणं त्यानंतरचं. लंगडीचंही तसंच: आधी भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, मग एक उडी, मग दोन, आणि पाय आलटून पालटून.

याला शिकवणी म्हणू नये. शिट्टी आणि रांग आली की खेळाची कवायत होते. बाईंनी साधनं मांडावीत, कोण कुठे अडतंय ते पाहावं आणि त्या मुलापुरता खेळ सोपा करावा.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि त्यांतली किमान 60 मिनिटं चांगली दमवणारी. आपल्या अनेक बालवर्गांत मात्र याच वयाची मुलं सकाळभर पाटी-पेन्सिल धरून बसवलेली दिसतात. पालकांना अक्षरं लवकर हवी असतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण लिहिताना खांदा आणि पाठ स्थिर राहावी लागते, मनगट वळावं लागतं. ती तयारी लोंबकळताना, रांगताना, माती कालवताना होते.

जागा नाही, साधनं नाहीत, ही सबब तर महाराष्ट्रानं ऐकून घेऊच नये. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला हे काम वाढलं. बालवाडी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात गेली; आजूबाजूला मिळणारे दगड, शिंपले, पानं, बिया हीच तिची साधनं झाली. शहरातल्या एका खोलीतही बाकं सरकवून जमिनीवर खडूच्या रेघा ओढता येतात, उशांवरून उड्या मारता येतात. गुडघे थोडे खरचटतील. पण पडताना स्वतःला सावरणं हेही पडल्याशिवाय येत नाही.

म्हणून प्रवेश घेताना पालकांनी आधी हे विचारावं: मुलं रोज किती वेळ मोकळी पळतात, आणि ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठी तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारी बालवाडी घराजवळची, साधी असली तरी निवडावी.